चिमुकली सैन्ये आणि त्यांचे कारागीर



बोटाएवढे शिपाई, घोडे, तोफा आणि राक्षस यांची फौज टेबलावर मांडून लढाई खेळण्याचा, आणि अशा फौजा जमविण्याचा नाद आज जगभर पसरला आहे. हा पोरखेळ आहे असे म्हणून तो बाजूला सारता येईल. परंतु आमचे आयुष्य कामगार चळवळीत गेलेले. कोणतीही वस्तू पाहिली की आम्हांस पहिला प्रश्न सुचतो, तो हा की, ही घडविली कोणी? या प्रश्नाचा माग काढीत गेले म्हणजे या खेळाचा निराळाच इतिहास हाती लागतो.

प्रारंभ घराजवळूनच करू. आपल्या देवगावापासून वेरूळ दूर नाही. तेथील कैलास लेण्यात आठव्या शतकातील कारागिरांनी एका बाजूस रामायण व दुसऱ्या बाजूस महाभारत लहान लहान आकृत्यांच्या ओळींनी कोरले आहे. रामायणाच्या पटात सेतू बांधणारी वानरे आहेत. अद्भुत प्राण्यांची सेना म्हणून विलायतेत आज जे खपते, त्याहून ही सेना हजार वर्षांनी जुनी. विशेष हे की, ती नुसती लढत नाही, दगडही वाहते. ज्या राजाने लेणे खोदविले त्या कृष्णराजाचे नाव आपण जाणतो. छिन्नी धरणाऱ्यांची नावे नाहीत.

दुसरा दुवा तेरचा. सातवाहनकाळातील ज्या मातीच्या मूर्ती तेथे सापडल्या, त्यांतील कित्येक दुहेरी साच्यातून काढलेल्या व आतून पोकळ आहेत. दोन अर्धे साचे, मध्ये माती, आणि एकासारख्या एक अनेक मूर्ती. ही युक्ती ध्यानात ठेवा. ती पुढे पुन्हा भेटेल.

खेळाचे मूळही आपल्याकडचेच. हत्ती, घोडे, रथ आणि पायदळ या चार अंगांचे सैन्य म्हणजे चतुरंग. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात ‘मानसोल्लास’ ग्रंथात या खेळाचे वर्णन केले आहे. तो इराण व अरबस्तानमार्गे युरोपात गेला. 1780 मध्ये ब्रन्सविकच्या हेल्विगने बुद्धिबळाचा पट मोठा करून त्याचा युद्धखेळ केला. 1824 मध्ये प्रशियाच्या राइस्विट्झ या लष्करी अधिकाऱ्याने नकाशा व फासे घेऊन नियम रचले, आणि सेनाधिकारी त्यावर शिकू लागले.

शिपायांची गोष्ट वेगळ्या वाटेने आली. न्यूरेंबर्गचे कारागीर कथिलाचे चपटे शिपाई ओतीत. 1893 मध्ये लंडनच्या विल्यम ब्रिटन या खेळणीवाल्याने तप्त शिसे साच्यात ओतून, कडेचा थर गोठताच आतले उरलेले काढून घेण्याची रीत बसविली. शिपाई पोकळ झाला, शिसे वाचले, माल स्वस्त झाला. तेरच्या कुंभाराची आणि लंडनच्या ओतकाऱ्याची विद्या अशी शेजारी येऊन बसते. या शिपायांस रंग देण्याचे काम मुख्यतः स्त्रिया करीत. 1913 मध्ये एच. जी. वेल्स यांनी असल्याच शिपायांवर ‘लिटल वॉर्स’ हे खेळाचे पुस्तक लिहिले. पुढच्याच वर्षी खरे महायुद्ध पेटले. खेळातला शिपाई डाव संपला की पेटीत परत जातो. त्या युद्धातली लाखो गरिबांची पोरे परतली नाहीत.

1975 मध्ये लंडनमध्ये तीन मित्रांनी ‘गेम्स वर्कशॉप’ सुरू केली. त्यांतील एक हाताने लाकडी पट घडवी. 1983 मध्ये ‘वॉरहॅमर’ आला, 1987 मध्ये त्याचा अंतराळयुद्धाचा अवतार. डिसेंबर 2024 मध्ये ही कंपनी लंडनच्या शेअरबाजारातील पहिल्या शंभरांत गेली. भांडवलाचा हा पसारा खरा. पण त्या खेळात एक गोष्ट आम्हांस मनापासून आवडते. शिपाई सुट्या तुकड्यांत मिळतो. खेळणाराने तो कापावा, चिकटवावा, रंगवावा. येथे सेनापतीला आधी रंगारी व्हावे लागते. ज्या गावाच्या नावातच रंगारी आहे, त्या गावाला हे वेगळे सांगणे नको.

आता आपला दिवाळीचा किल्ला पाहा. दगड, माती, पोत्याचे तुकडे; वर पेरलेले हळीव; सिंहासनावर शिवाजी महाराज, बुरुजावर मावळे. परंतु पायथ्याशी गवळण असते, शेतकरी असतो, विहीर असते. विलायती फौजेच्या पेटीत बहुतेक सगळे लढणारेच. आपल्या पोरांनी मात्र न सांगता ओळखले आहे की, गडावरचा मावळा पायथ्याच्या धान्यावर आणि दुधावर उभा असतो.

हा किल्ला आज दोन बाजूंनी ढासळतो आहे. बाजारात प्लॅस्टरचा तयार किल्ला मिळतो, तेव्हा मुलाच्या हाताला माती लागत नाही. आणि साच्यातून मावळा काढून त्याच्या मिशीवर बारीक ब्रश फिरविणाऱ्याशी आपण दोन रुपयांसाठी घासाघीस करतो. तोच माणूस परदेशी खेळण्याची छापील किंमत मुकाट्याने मोजतो.

तेव्हा येत्या दिवाळीत किल्ला मुलांकडूनच करवावा. मावळे घ्यायला त्यांना बरोबर न्यावे, कारागिराचे नाव विचारावे, साचा कसा भरतात ते पाहू द्यावे, आणि सांगितलेला दाम पुरता द्यावा. वेरूळच्या कारागिरांची नावे आता मिळणार नाहीत. बाजारात बसलेल्याचे अजून विचारता येते.