उत्तरिमनुष्यधर्माची वाच्यता : पालि विनयातील मर्यादा

ध्यानमार्गात आपणांस काय प्राप्त झाले याची भिक्षूने कोठेही वाच्यता करू नये, असा बौद्ध संघाचा दंडक होता, असे सामान्यतः मानले जाते. हे मत अर्धेच खरे आहे. पालि विनयातील नियम व त्यांच्या उत्पत्तिकथा शेजारी ठेवून वाचल्या असता, मर्यादा श्रोत्यावर अवलंबून होती, असे दिसून येते.

चौथ्या पाराजिकाची कथा प्रसिद्ध आहे. वज्जींच्या देशात दुष्काळ पडला असता, वग्गुमुदा नदीच्या तीरी वर्षावास करणाऱ्या काही भिक्षूंनी उदरनिर्वाहाची एक युक्ती योजिली. अमुक भिक्षू ध्यानलाभी आहे, अमुक अर्हत् आहे, अशी परस्परांची स्तुती ते गृहस्थांपुढे करू लागले. लोकांनी आपल्या व मुलाबाळांच्या तोंडचा घास काढून त्यांस दिला. वर्षावासानंतर वैशालीस आलेले इतर भिक्षू कृश दिसत होते; हे मात्र पुष्ट होते. ही प्राप्ती खरी काय, असे बुद्धांनी विचारताच, ती खोटी असल्याचे त्यांनी कबूल केले. त्यावरून, जाणूनबुजून असा खोटा दावा करणारा भिक्षू संघातून च्युत होतो, हा नियम झाला. अधिमानाने, म्हणजे स्वतःविषयीच्या प्रामाणिक गैरसमजाने, बोलणाऱ्यास मात्र त्यातून वगळण्यात आले.

आठव्या पाचित्तियात हीच कथा पुन्हा येते. दुष्काळ तोच, नदीतीर तेच. फरक केवळ एका उत्तराचा. या वेळी भिक्षू आपली प्राप्ती खरी असल्याचे सांगतात. तरीही त्यांची निर्भर्त्सना होते, आणि अनुपसंपन्नास खरी प्राप्ती सांगणेही दोषास्पद ठरते. दोष सौम्य आहे; परंतु त्याचे कारण विचारात घेण्याजोगे आहे. पोटासाठी केलेल्या वाच्यतेत सत्यही विक्रीची वस्तू होते, आणि उपाशी दात्याजवळ ते पारखण्याचे साधन नसते.

संघाच्या आत हे साधन होते. मज्झिमनिकायातील छब्बिसोधन सुत्तानुसार, एखाद्या भिक्षूने अर्हत्त्व घोषित केल्यास त्याचे अभिनंदनही करू नये व निषेधही करू नये. पंचस्कंध, षड्धातू इत्यादींविषयी त्यास क्रमाने प्रश्न विचारावेत. विशुद्धिमार्गाच्या तिसऱ्या परिच्छेदात कर्मस्थान देणाऱ्या आचार्याचा विचार करताना बुद्धघोषाने याच दिशेने उत्तर दिले आहे. शिष्य उपदेशाप्रमाणे वागेल अशी खात्री असल्यास क्षीणास्रव आचार्य स्वतःची ओळख देतो, असे सांगून तो अस्सगुत्त स्थविरांचा दाखला देतो. त्यांनी अशा एका भिक्षूपुढे आकाशात चर्मखंड पसरून, त्यावर बसून कर्मस्थान सांगितले, अशी कथा आहे. ही प्रकटता शिष्याच्या प्रयत्नासाठी आहे. तीत आचार्याच्या लाभाचा संबंध नाही.

विसाव्या शतकात या व्यवस्थेपुढे नवीन प्रश्न उभा राहिला. रंगून येथे १९४९ पासून महासी सयाडो यांच्या केंद्रात गृहस्थही मोठ्या संख्येने ध्यान शिकू लागले. इगतपुरीस १९७६ मध्ये सुरू झालेल्या केंद्रात तर सत्यनारायण गोएंका हे आचार्यही गृहस्थच होते. जुना दाता येथे शिष्य झाला. आपले चित्त ज्याच्या स्वाधीन करावयाचे त्याची योग्यता जाणण्याचा अधिकार त्यास आहे. परंतु आचार्य भिक्षू असल्यास विनय त्यास बोलू देत नाही, आणि गृहस्थ असल्यास त्यास प्रश्न विचारणारा संघ नाही. प्राचीन नियमांत मौन व परीक्षा यांची जोडी होती. त्यांतील केवळ मौन उचलून परीक्षा सोडून दिल्यास, वग्गुमुदेच्या तीरावरील गृहस्थाचीच असहायता आजच्या शिष्याच्या वाट्यास येते.