तालचेरचे धोंडे, इरईचे ओरखडे

महाराष्ट्रातील बहुतेक शाळांतून गाळाचे खडक शिकवणे ही एक अडचणच असते. गावामागच्या टेकडीपासून देवळाच्या पायरीपर्यंत जिकडेतिकडे काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट. आणि तो पडला अग्निजन्य. गाळाचे खडक भेटतात ते पाठ्यपुस्तकातील तक्त्यात. वाळूचा वालुकाश्म, चिखलाचा शेल, गोट्यांचा पिंडाश्म अशी नावे पाठ होतात आणि धडा संपतो. पण खडकाला नाव देणे वेगळे आणि तो कसा साचला हे ओळखणे वेगळे. हे दुसरे काम किती अवघड जाऊ शकते, हे आपल्या देशातील एका खडकाच्या इतिहासावरून चांगले समजते.

भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्था १८५१ साली सुरू झाली. कोळशाचा शोध हे तिचे मुख्य काम होते. १८५५ मध्ये विल्यम आणि हेन्री ब्लॅनफर्ड हे दोघे भाऊ संस्थेत दाखल झाले. दोघेही पंचविशीच्या आतले. विल्यम थिओबाल्ड यांच्यासह त्यांना ओरिसातील तालचेरचे कोळसाक्षेत्र पाहण्याचे काम मिळाले. तेथे कोळशाच्या थरांच्या खाली त्यांना एक विचित्र खडक आढळला. हिरवट, अगदी बारीक कणांचा गाळ, आणि त्यातच रुतलेले गोटे व धोंडे. काही धोंडे तर कित्येक फूट व्यासाचे.

यात विचित्र ते काय? एका काचेच्या बरणीत माती, वाळू व खडे घालून पाणी भरा, बरणी खूप हलवा आणि ठेवून द्या. खडे क्षणात तळाला जातात, त्यांवर वाळू बसते, आणि चिखल निवळायला काही तास लागतात. पाणी गाळाची निवड करते. वेगवान प्रवाह धोंडे लोटतो, पण त्या वेगात बारीक गाळ टिकत नाही. संथ पाणी बारीक गाळ बसू देते, पण त्याला धोंडा हलवता येत नाही. म्हणून कणांचा आकार पाहिला की पाण्याच्या वेगाचा अंदाज बांधता येतो. गाळाच्या खडकाच्या अभ्यासातील ही पहिली पायरी म्हणायला हरकत नाही. तालचेरच्या खडकात मात्र प्रचंड धोंडे आणि मैद्यासारखा गाळ एकाच थरात होते. मग धोंडे आणले कोणी?

ब्लॅनफर्ड बंधूंनी उत्तर दिले : बर्फाने. पाण्याच्या तळाशी गोठलेला बर्फ दगड धरून वर येतो, तरंगत जातो आणि वितळला की दगड खालच्या गाळात सोडून देतो, अशी त्यांची कल्पना होती. युरोपातही हिमयुगाचा विचार तेव्हा नवाच होता. लुई अगासी यांचा हिमनद्यांवरील ग्रंथ १८४० चा. आणि इथे प्रश्न आल्प्सचा नव्हता, २१ अक्षांशावरील ओरिसाचा होता! तिथल्या उन्हात हिंडून असे लिहायला धाडसच हवे. मला या दोघांचे कौतुक वाटते ते एवढ्यासाठी की, आजचे हवामान आणि खडकाची साक्ष यांत विरोध दिसताच त्यांनी खडकाच्या बाजूने कौल दिला.

अर्थात केवळ सरमिसळ हा काही बर्फाचा पुरावा नव्हे. डोंगरकडा ढासळून येणारा चिखलाचा लोंढासुद्धा लहानमोठे सगळे एकत्र टाकतो. आणखी खुणा हव्या होत्या. त्या सापडल्या महाराष्ट्रात.

पैनगंगा व वर्धा यांच्या संगमाजवळ, चंद्रपूरच्या नैर्ऋत्येला, इरई नावाचे गाव आहे. (चंद्रपूरजवळून वाहणाऱ्या इरई नदीशी गल्लत करू नये.) तिथे तालचेरच्याच जातीचा धोंड्यांचा थर फार जुन्या चुनखडकावर पसरलेला आहे. सर्वेक्षणाचे फ्रान्सिस फेडन यांना तेथील धोंड्यांवर घासून सपाट झालेल्या बाजू व ओरखडे दिसले. त्याहून महत्त्वाचे म्हणजे खालच्या चुनखडकाचा पृष्ठभागच गुळगुळीत झालेला आणि त्यावर लांबच लांब समांतर चरे! त्यांचे टिपण १८७५ मध्ये प्रसिद्ध झाले. पाण्यात लोळणारा गोटा सगळीकडून घासला जाऊन गोल होतो. त्यावर आणि तळाच्या खडकावर असे सरळ ओरखडे उठत नाहीत. त्यासाठी दगड घट्ट धरून तो जमिनीवर रेटणारे काहीतरी लागते. सुताराच्या हातातला पॉलिशपेपर आठवावा. फेडन यांच्याही टिपणाच्या शीर्षकात तळाचा बर्फच होता. आज मात्र हे ओरखडे सरकत्या हिमनदीचे काम मानले जातात.

आता दुसराच पेच पडला. असेच खडक ऑस्ट्रेलियात आणि दक्षिण आफ्रिकेतही आढळले. विषुववृत्ताच्या दोन्ही अंगांना, तेही सखल प्रदेशात, एकाच सुमारास बर्फ कसा? सारी पृथ्वी गोठली होती म्हणावे, तर साधारण त्याच काळात युरोप व उत्तर अमेरिकेत उष्ण दलदलींचा कोळसा तयार झालेला. शिवाय काही ठिकाणचे ओरखडे सांगत होते की बर्फ आजच्या समुद्राच्या बाजूने जमिनीकडे आला. आल्फ्रेड वेगेनर यांनी १९१२ मध्ये खंडवहनाची कल्पना मांडली, तेव्हा या खडकांचा त्यांना मोठा आधार मिळाला. हे सगळे भूभाग दक्षिण ध्रुवाभोवती एकत्र ठेवले की विखुरलेला बर्फ एका प्रदेशात जमतो. तरीही बहुसंख्य भूवैज्ञानिकांना हे पटले नाही, कारण खंड सरकवणारे बळ कोणते, ते वेगेनर यांना सांगता आले नव्हते. १९५६ मध्ये क्लेग व त्यांच्या सहकाऱ्यांनी दख्खनच्या बेसाल्टमध्ये गोठून राहिलेले चुंबकत्व मोजले. ते खडक थिजले तेव्हा भारत विषुववृत्ताच्या बराच दक्षिणेला होता, असे त्यातून निघाले. तालचेरचा थर तर त्याहून कितीतरी जुना, सुमारे तीस कोटी वर्षांपूर्वीचा.

चंद्रपूर भागातील शिक्षकांनी सहल काढली तर केवळ धोंडे पाहून परतू नये. या थराबरोबर येणारा हिरवट शेल हातात घ्यावा. तो सुयांसारख्या लांबट काड्यांत फुटतो. वालुकाश्मात गुलाबी फेल्स्पारचे ताजे कण दिसतात. उष्ण व दमट हवेत फेल्स्पार कुजून त्याची चिकणमाती होते. इथे तो कुजला नाही, हीसुद्धा थंडीचीच खूण. त्यांच्यावर पुढे वर्धा खोऱ्यातील कोळशाचे थर येतात. बर्फ हटल्यावर त्या दलदलीत ग्लॉसोप्टेरिसची झाडे वाढली, त्यांचा तो कोळसा. ओरखड्यांच्या खडकावर मात्र हातोडी चालवू नये. त्यांचे रेखाटन करावे, कागद ठेवून पेन्सिलीने ठसा घ्यावा आणि होकायंत्राने चऱ्यांची दिशा मोजावी.