श्रवणबेळगोळच्या दोन मराठी ओळी आणि ‘कर्मणि प्रयोग’

श्रवणबेळगोळ येथील गोमटेश्वराच्या पायांजवळ नागरी लिपींत ज्या दोन मराठी ओळी कोरलेल्या आहेत त्या या त्रैमासिकाच्या वाचकांस अपरिचित नाहींत. ‘श्रीचावुंडराजें करवियलें’ ही पहिली. ‘श्रीगंगराजे सुत्ताले करवियले’ ही दुसरी. त्यांच्या काळाविषयीं पुष्कळ चर्चा झाली आहे. परंतु त्या चर्चेच्या गर्दींत ओळींची वाक्यरचना मागें पडते, आणि तेथेंच अर्थाचा घोटाळा होतो.

घोटाळा असा. आजचा सुशिक्षित वाचक ‘चावुंडराजे’ हें पद ‘शिवाजीराजे’ या पदासारखें वाचतो. म्हणजे ती आदरार्थी बहुवचनी प्रथमा आहे असें समजतो. प्रस्तुत लेखकानेंही शाळेंत अनेक वर्षें मुलांस तसेंच सांगितलें, हें कबूल केलें पाहिजे. पण मग क्रियापदाचें काय करावें? कर्ता प्रथमेंत आणि क्रियापद ‘करवियलें’, हा मेळ मराठींत बसत नाहीं.

‘राजें’ ही तृतीया आहे. संस्कृतांत ‘राजन्’ शब्द तत्पुरुष समासाच्या शेवटीं आला म्हणजे समासान्त प्रत्ययानें अकारान्त होतो. म्हणून ‘महाराजेन’ असें रूप होतें, ‘महाराज्ञा’ असें होत नाहीं. त्याच न्यायानें ‘चावुंडराजेन’, आणि प्राकृतांतून उतरून ‘चावुंडराजें’. ‘शिवाजीराजे’ यांतील ‘राजे’ हें ‘राजा’ या आकारान्त शब्दाचें बहुवचन होय. दोन रूपांत अंतर एका अनुस्वाराचें. कुळ मात्र सर्वस्वी निराळें.

येथें ‘कर्मणि प्रयोग’ ही संज्ञा नीट पारखून घ्यावी. ‘कर्मणि’ हें विशेषण नव्हे. ‘कर्मन्’ शब्दाची ती सप्तमी आहे, ‘कर्म या अर्थीं’ असा तिचा अर्थ. (हल्लीं ‘कर्मणी’ असा दीर्घान्त लिहिण्याचा प्रघात पडल्यामुळें हें मूळ झांकलें जातें.) पाणिनीच्या मतें क्रियापदाचा प्रत्यय कर्ता, कर्म किंवा भाव यांपैकीं एकाचा वाचक असतो. प्रत्ययानें जें सांगितलें तें ‘अभिहित’, त्यास प्रथमा. जें सांगावयाचें राहिलें तें ‘अनभिहित’. तें कर्ता असल्यास त्यास तृतीया. ‘रामेण कृतम्’ यांत प्रत्यय कर्माचा वाचक, म्हणून राम तृतीयेंत. मराठीचा भूतकाळ याच कृदन्तापासून आलेला असल्यामुळें ‘रामें केलें’ ही रचना तिला वारशानें मिळाली.

दादोबा पांडुरंगांच्या १८३६ सालच्या व्याकरणापासून मो. के. दामल्यांच्या १९११ सालच्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’पर्यंत प्रयोगविचार गाजत राहिला, त्याचें कारण संज्ञा संस्कृताची आणि व्यवहार मराठीचा हें होय. संस्कृतांत भावे प्रयोग अकर्मक धातूंचाच. मराठींत ‘रामानें रावणास मारिलें’ असा सकर्मकाचाही होतो.

आतां शेजारच्या ओळी पाहाव्या. मूर्तीच्या पायांशीं हाच मजकूर कानडींत आणि तमिळांतही आहे. कानडींत ‘माडिसिदं’, तमिळांत ‘सेय्वित्तान्’. दोन्ही क्रियापदें कर्त्याप्रमाणें पुल्लिंगी एकवचनी, आणि कर्ता प्रथमेंत. एकच गोष्ट तीन भाषांत सांगितली आहे. दोहोंत कर्तरि, मराठींत कर्मणि. कानडी ओळीचें शब्दशः भाषांतर करावयास बसलेला मनुष्य येथें सहज चुकला असता. मराठी ओळ रचणारा चुकला नाहीं. त्यास मराठी चांगली येत होती. एका बाबतींत मात्र तिन्ही भाषा एकमताच्या आहेत: क्रियापद तिन्हींत प्रयोजक आहे. ज्याच्या आज्ञेनें काम झालें त्याचें नांव आलें. ज्यानें हातानें दगड घडविला तो वाक्याबाहेर राहिला.

पहिल्या ओळींत कर्म दिलेलें नाहीं. कानडींत तें जाणवत नाहीं, कारण क्रियापद कर्त्याशीं बांधलेलें आहे. मराठींत ‘करवियलें’ हें नपुंसकलिंगी एकवचन कर्माची वाट पाहत राहतें. ‘मूर्ति’ मनांत असती तर ‘करवियली’ आलें असतें, ‘देव’ असता तर ‘करवियला’. म्हणून कोणी हा भावे प्रयोग मानील. आम्हांस तसें वाटत नाहीं. दुसऱ्या ओळींत ‘सुत्ताले’ हें कर्म स्पष्ट आहे आणि सांचा तोच आहे. तेव्हां पहिल्या ओळींत ‘हें’ किंवा ‘बिंब’ असें पद अध्याहृत धरावें. ज्याच्या पायांशीं अक्षरें कोरलीं त्याचें नांव लिहिण्याची गरज कोरविणारास भासली नसावी. ‘सुत्ताले’ म्हणजे मूर्तीभोंवतालची ओवऱ्यांची रांग. ‘सुत्त’ हा कानडी शब्द ‘सभोंवार’ या अर्थाचा. कानडी ओळींत तो ‘सुत्तालयवं’ असा द्वितीयेंत आहे, मराठींत प्रथमेंत. प्रयोग बदलतांच विभक्ति बदलली.

काळाविषयीं थोडेंच. चावुंडराय हा गंग राजा राचमल्ल याचा मंत्री, त्यावरून पहिली ओळ शके ९०५ (इ. स. ९८३) ची मानीत. गंगराज हा होयसळ विष्णुवर्धनाचा सेनापति. त्याचें काम इ. स. १११७ च्या सुमाराचें. दोन्ही ओळींचें अक्षरवळण एकच दिसतें, म्हणून दोन्ही गंगराजाच्याच वेळच्या, असें अनेक अभ्यासक धरतात. तसें असल्यास आक्षीचा लेख, ज्याचा काळ शके ९३४ (इ. स. १०१२) वाचला जातो, तो आधींचा ठरतो.

पोथ्या जमविणारांस येथें एक विनंति आहे. १९६२ सालच्या लेखननियमांनीं अनुच्चारित अनुस्वार गेले. प्रस्तुत लेखक जुन्या वळणानेंच लिहितो, पण त्याबद्दल तक्रार करीत नाहीं. तक्रार आहे ती जुन्या मजकुराच्या नकलेंतूनही ते गाळण्याविषयीं. ‘ज्ञानदेवें’ याचें ‘ज्ञानदेवे’ झालें तरी वाचक सांवरून घेतो, कारण ‘ज्ञानदेवे’ अशी प्रथमा नाहीं. ‘राजें’ याचें ‘राजे’ झालें कीं तृतीयेची प्रथमा होते आणि वाक्य मोडतें.

दुसऱ्या ओळींत ‘गंगराजे’, ‘सुत्ताले’, ‘करवियले’ या तिन्ही पदांवर वाचनांत अनुस्वार नाहीं. ते सलाटानें गाळले, कीं आठनऊशें वर्षांच्या ऊनपावसांत झिजले, हें छापील वाचनावरून ठरणार नाहीं. त्यासाठीं ठसाच समोर पाहिजे, आणि त्यांत ‘राजे’च्या माथ्यावरील जागा आधीं पाहिली पाहिजे.