इंग्रजीत एमए करून काय होतं? बर्मिंगहॅमची एक गोष्ट

मागच्या आठवड्यात आमच्या गल्लीतली एक मुलगी घरी आली होती. इंग्रजीत एमए करतेय, दुसरं वर्ष. हातात गाईड. म्हणाली, "काका, शेक्सपिअर कळतो, डिकन्स कळतो. पण ह्या एका पेपरात बर्मिंगहॅम, टीव्हीच्या बातम्या, पोरांचे कपडे असलं काय काय दिलंय. ह्याचा इंग्रजी साहित्याशी काय संबंध?" सोबत तिचे वडील होते. त्यांचा प्रश्न आणखी सरळ. "आणि ह्याचा नोकरीशी काय संबंध?"

नोकरीचं मला काही सांगता आलं नाही. पण पहिल्या प्रश्नाचं उत्तर थोडंफार माहीत आहे. ते मला उशिरा कळलं आणि त्या उशिराची किंमत दुसऱ्यांनी मोजली. म्हणून ही लांबलचक पोस्ट. वेळ असेल तर शेवटपर्यंत वाचा.

आधी एक गंमत सांगतो. आपल्याला वाटतं, इंग्लंडमध्ये इंग्रजी साहित्य शेकडो वर्षं शिकवत असतील. तसं नाही. तिथल्या जुन्या विद्यापीठांत मान होता तो ग्रीक आणि लॅटिनला. ऑक्सफर्डात इंग्रजीचा स्वतंत्र पदवी अभ्यासक्रम आला १८९४ साली आणि केंब्रिजात १९१७ साली. आपल्या मुंबई विद्यापीठाचे पहिले पदवीधर, ज्यांत रानडे आणि भांडारकर होते, १८६२ साली इंग्रजीचा अभ्यास करून बाहेरसुद्धा पडले होते. म्हणजे साहेबाने ऑक्सफर्ड-केंब्रिजात स्वतंत्र पदवी सुरू करायच्या आधी हा विषय आपल्याला शिकवला.

केंब्रिजात आय. ए. रिचर्ड्स नावाचे प्राध्यापक होते. ते वर्गात कविता वाटायचे, पण कवीचं नाव काढून. मोठा कवी की फुटकळ, काहीच कळायचं नाही. वाचा आणि काय वाटलं ते लिहून आणा, एवढंच. चांगली चांगली हुशार मुलं त्यात आपटली. नाव दिसलं की आपण आधीच ठरवून वाचतो, समोरचे शब्द वाचतच नाही, हे त्यातून दिसलं. १९२९ साली त्यांनी यावर पुस्तक काढलं. पुढे एफ. आर. लीव्हिस यांनी १९३३ साली डेनिस थॉम्पसन यांच्याबरोबर शाळांसाठी एक पुस्तक लिहिलं. त्यात हीच सवय त्यांनी जाहिरातींना लावली. साबणाची जाहिरात काय सांगते, काय गाळते, कुठला शब्द कशासाठी वापरते, ते बघा म्हणाले. अर्थात लीव्हिस यांच्या लेखी लोकांच्या रोजच्या वाचनात फारसं बरं काही नव्हतं. जाहिरात वाचायची ती तिच्यापासून वाचण्यासाठी.

हे बदललं रिचर्ड हॉगर्ट यांच्यामुळे. लीड्सच्या हन्स्लेट भागातल्या कामगार वस्तीत आजीने वाढवलेला पोरका मुलगा. शिकला आणि हल विद्यापीठातर्फे नोकरी करणाऱ्या प्रौढांना साहित्य शिकवू लागला. १९५७ साली त्यांचं 'द यूजेस ऑफ लिटरसी' आलं. त्यात कामगारांची घरं आहेत, आयाबायांचं बोलणं आहे, स्वस्त मासिकं आणि गाणी आहेत. या लोकांनाही संस्कृती आहे आणि ती कवितेइतक्याच बारकाईने वाचली पाहिजे, हे ते पुस्तक सांगत होतं. नव्या मासिकांबद्दल हॉगर्ट यांच्या तक्रारीही होत्या, पण लोकांबद्दल तुच्छता नव्हती.

हेच हॉगर्ट पुढे बर्मिंगहॅम विद्यापीठात इंग्रजीचे प्राध्यापक झाले आणि १९६४ साली त्यांनी तिथे एक केंद्र काढलं, समकालीन संस्कृतीच्या अभ्यासासाठी. फक्त पदव्युत्तर विद्यार्थी घ्यायचे. पैसे दिले पेंग्विन प्रकाशनाच्या ॲलन लेन यांनी. १९६० साली लॉरेन्सच्या 'लेडी चॅटर्लीज लव्हर'वरून पेंग्विनवर अश्लीलतेचा खटला झाला, तेव्हा हॉगर्ट पेंग्विनच्या बाजूने साक्षीला उभे राहिले होते. ती ओळख कामाला आली.

हॉगर्ट यांनी सोबतीला घेतलं स्टुअर्ट हॉल यांना. जमैकातल्या किंग्स्टनचा मुलगा, १९५१ साली ऱ्होड्स शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्डला आलेला. हेन्री जेम्स या कादंबरीकारावर पीएचडी करत होते, ती अर्धवट सोडली. लंडनमध्ये शाळामास्तरकी केली. हॉगर्ट युनेस्कोत गेल्यावर केंद्र हॉल यांच्याकडे आलं आणि १९७९ पर्यंत त्यांनी ते चालवलं. तिथली पद्धत आपल्या विद्यापीठांना पचणार नाही अशी होती. मास्तर आणि विद्यार्थी गटाने बसून वाचायचे, गटानेच लिहायचे, सायक्लोस्टाईल करून वाटायचे. कुणी पोरांच्या कपड्यांवर आणि संगीतावर लिहिलं. कुणी टीव्हीवर. पॉल विलिस यांनी कामगारांची पोरं शेवटी कामगारच का होतात, हे शाळेतल्या बारा पोरांसोबत राहून शोधलं. मुलीच्या गाईडातला तो पेपर इथून आलेला आहे.

आता माझ्या धंद्याशी ज्याचा संबंध आहे, ते सांगतो.

नोव्हेंबर १९७२. बर्मिंगहॅमचाच हँड्सवर्थ भाग, जिथे वेस्ट इंडीज आणि आशियातून आलेली माणसं मोठ्या संख्येने राहत होती. रात्री तीन पोरांनी एका माणसाला मारून लुटलं. मिळालं काय? ३० पेन्स, किल्ल्या आणि ५ सिगारेटी. माणूस गंभीर जखमी झाला. गुन्हा वाईटच होता, त्यात वाद नाही. पण मार्च १९७३ मध्ये निकाल लागला तेव्हा १६ वर्षांच्या मुलाला २० वर्षं आणि १५ वर्षांच्या दोघांना १०-१० वर्षं शिक्षा झाली.

हॉल आणि त्यांच्या चार सहकाऱ्यांनी विचारलं, एवढी शिक्षा का? आणि उत्तर शोधायला त्यांनी वर्तमानपत्रं काढली. इंग्रजीच्या वर्गात कविता वाचतात तशा बातम्या वाचायला घेतल्या. शब्द न् शब्द. त्यांच्या लक्षात आलं की सगळा खेळ 'मगिंग' या एका शब्दाभोवती आहे. हा शब्द अमेरिकेतून आला होता. इंग्लंडच्या कायद्यात मगिंग नावाचा गुन्हाच नव्हता. रस्त्यावरची लूटमार तिथे शेकडो वर्षं चालू होती. पण १९७२ साली वर्तमानपत्रांनी हा शब्द उचलला आणि जुनाच गुन्हा नवा झाला. शब्दाबरोबर अमेरिकन शहरांचं चित्र आलं, काळ्या तरुणांची भीती आली. आकडे बघितले तर त्याआधीच्या वर्षांच्या मानाने वाढीचा वेग काही नवीन नव्हता. नवीन होती ती भीती.

मग ही भीती फिरते कशी, तेही त्यांनी दाखवलं. बातमीदार पोलिसांकडे जातो, कोर्टात जातो, पुढाऱ्याकडे जातो. घटनेला नाव पहिल्यांदा तेच देतात. आपण ते नाव आपल्या भाषेत सोपं करून छापतो. लोक घाबरतात. अग्रलेख म्हणतो, जनता भयभीत आहे. मग न्यायाधीश म्हणतात, जनता भयभीत आहे, कडक शिक्षा हवी. ते वाक्य पुन्हा आपण छापतो. चक्र पूर्ण. यात कुणी कट केलेला नसतो. प्रत्येक जण आपलं रोजचं काम प्रामाणिकपणे करत असतो. हे सगळं १९७८ साली 'पोलिसिंग द क्रायसिस' या पुस्तकात आलं.

मी पत्रकारितेचा डिप्लोमा केला तेव्हा यातलं काही आम्हाला नव्हतं. बातमीत सहा 'क' कसे बसवायचे ते शिकवलं. 'टोळी' हा शब्द कधी लिहायचा, ते कुणी शिकवलं नाही.

साधारण बारा वर्षांपूर्वी आमच्याकडे आठवडी बाजारात मोबाईल चोरीला जायला लागले. मी ठाण्यात गेलो, अधिकाऱ्यांनी सांगितलं, बाहेरची टोळी असावी. मी छापलं, 'तालुक्यात चोरट्यांची दहशत, परप्रांतीय टोळीचा संशय'. 'असावी'चा संशय झाला, चार मोबाईलची दहशत झाली. 'बाहेरची'चं 'परप्रांतीय' मीच केलं, शीर्षकात वजन यावं म्हणून. गावाबाहेर माळावर काही पालं होती, भटकी माणसं, आपल्याच राज्यातली. आठवड्याभरात गावकऱ्यांनी त्यांना उठवलं. एक म्हातारी भांडी गोळा करताना मला म्हणाली, "लेकरा, आमी काय केलं?" त्याचीही मी बातमी केली. दोन कॉलमी.

पुढे एकदा ठाण्यात बसून नोंदी मोजल्या. त्या वर्षी चोऱ्या आदल्या वर्षीपेक्षा कमी होत्या. हे मोजायला मला तेव्हा अर्धा तास लागला असता.

भटक्यांवर संशय घ्यायची सवय आपल्याकडे कायद्याने पक्की केली तीही इंग्रजांनीच. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा. माणूस जन्मतःच गुन्हेगार, असा त्याचा अर्थ. १९५२ साली तो रद्द झाला, पण डोक्यातून गेला नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात जमावाने पाच जणांना ठेचून मारलं. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची, भिक्षा मागणारी माणसं. मुलं पळवणारी टोळी आली, असे मेसेज मोबाईलवर फिरत होते. तेव्हा 'टोळी' शब्द वाचून माझ्या पोटात गोळा आला होता. तो मेसेज मी लिहिला नव्हता. पण तो शब्द मी अनेकदा छापला होता.

बर्मिंगहॅमच्या त्या केंद्राचं पुढे काय झालं? पुढे त्याचा विभाग झाला आणि २००२ साली विद्यापीठाने तो बंद केला. संशोधनाच्या सरकारी मूल्यमापनात गुण कमी पडले, हे कारण. जगभरातून निषेध झाला, उपयोग झाला नाही. हॉल २०१४ साली गेले. तेव्हा मुलीच्या वडिलांचा प्रश्न फक्त आपल्या तालुक्यातला नाही. ह्याचा उपयोग काय, असं तिकडच्या साहेबांनीही विचारलं आणि कुलूप लावलं.

त्या मुलीला मी एवढंच म्हणालो, गाईड बाजूला ठेव. रोज सकाळी आमचा पेपर घे आणि तुला कविता शिकवलीय तसा वाच. हा शब्द कुणाचा, पोलिसांचा की बातमीदाराचा? याच्याऐवजी दुसरा कुठला वापरता आला असता? ज्याच्याबद्दल लिहिलंय, त्याचं म्हणणं बातमीत कुठे आहे? आणि चुकलेलं सापडलं तर मला येऊन सांग.

काल ती आली होती. माझ्याच एका बातमीत पेनने तीन ठिकाणी गोल केले होते. दोन तिचे बरोबर होते. तिसऱ्यावर आमचा अजून वाद चालू आहे.

तुम्हीही वाचता वाचता गोल करा. कमेंटमध्ये टाकलेत तरी चालेल, माझी बातमी असली तरी.