स्त्रियांची लैंगिक आरोग्य तपासणी

जननमार्गाचे आणि लैंगिक संबंधांतून पसरणारे आजार लक्षणे दिसण्यापूर्वीच ओळखता यावेत, यासाठी ठरावीक काळाने केली जाणारी वैद्यकीय तपासणी. क्लॅमिडिया, गनोरिया यांसारखे संसर्ग स्त्रियांत पुष्कळदा लक्षणांवाचून राहतात व गर्भनलिकांना इजा करून वंध्यत्वास कारणीभूत ठरू शकतात; त्यामुळे त्रास झाल्यावरच दवाखाना गाठण्याची रीत येथे अपुरी पडते. राणी व अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी करून १९८९ मध्ये ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग वा लैंगिक आजार आढळले, मात्र पूर्वी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया अवघ्या ८ टक्के होत्या. या तफावतीला अंतर व खर्चाइतकाच संकोचही जबाबदार मानावा लागतो. मराठवाड्यातील उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यात १९९९ पासून झालेल्या, सव्वा लाखाहून अधिक स्त्रियांच्या चाचणीप्रयोगात एचपीव्ही (गर्भाशयमुखाच्या कर्करोगास कारण ठरणारा विषाणू) शोधणाऱ्या एकाच चाचणीने त्या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आल्याचे २००९ मध्ये जाहीर झाले. शासकीय कार्यक्रमात तिशीनंतर दर पाच वर्षांनी गर्भाशयमुखाला सौम्य ॲसेटिक आम्ल लावून पाहणी करण्याची तरतूद असून, गरोदरपणात एचआयव्ही व सिफिलिस (उपदंश) यांच्या चाचण्या सरकारी केंद्रांत मोफत होतात.