मोजता येईल ते उद्दिष्ट

'यंदा जोमानं काम करायचं,' हा संकल्प प्रत्येक कचेरीत होतो. वर्षअखेरीस मात्र तो पार पडला की नाही, याचं उत्तर ज्याला त्याला सोयीचं सापडतं. ही पळवाट बंद करण्याचा चिकाटीनं प्रयत्न केला तो अँडी ग्रोव्ह यांनी. १९३६ साली बुडापेस्टमध्ये जन्मलेले, १९५६च्या उठावानंतर हंगेरीतून निसटून अमेरिकेत गेलेले ग्रोव्ह पुढे 'इंटेल' या संगणकाच्या चिप बनवणाऱ्या कंपनीचे प्रमुख झाले.

मूळ कल्पना जुनी. माणसांना नुसते हुकूम सोडू नयेत, उद्दिष्टं ठरवावीत आणि ती ठरवताना त्यांनाही सामील करून घ्यावं, असं पीटर ड्रकर यांनी १९५४ साली मांडलं होतं. पण अनेक कंपन्यांत ही उद्दिष्टं वर्षातून एकदा कागदावर उतरत आणि पगारवाढीच्या हिशेबाला जुंपली जात. ग्रोव्ह यांनी दोनच प्रश्न ठेवले. कुठे पोहोचायचं आहे? आणि आपण तिकडेच चाललो आहोत, हे कशावरून कळेल? पहिल्याचं उत्तर म्हणजे उद्दिष्ट, दुसऱ्याचं म्हणजे मोजता येणारे ठळक परिणाम. इंग्रजी आद्याक्षरांवरून या पद्धतीला 'ओकेआर' म्हणतात.

पद्धतीची कसोटी लवकरच लागली. इंटेलची ८०८६ ही चिप १९७८ साली आली. पाठोपाठ १९७९मध्ये मोटोरोलाची ६८००० आली आणि गिऱ्हाइकं तिकडे वळू लागली. 'मोटोरोलाला हरवा' एवढं सांगून विक्रेत्याला सकाळी उठून काय करायचं ते कळत नाही. म्हणून १९८०च्या 'ऑपरेशन क्रश' मोहिमेत आकडा ठरला : वर्षभरात २,००० नव्या यंत्रांच्या आराखड्यांत इंटेलची चिप बसली पाहिजे. म्हणजे प्रत्येक विक्रेत्यामागे महिन्याला साधारण एक. लक्ष्य ओलांडलं गेलं. १९८१ साली आलेल्या आयबीएमच्या पर्सनल कॉम्प्युटरमध्येही याच घराण्यातली ८०८८ चिप होती. इंटेलमध्ये हे धडे गिरवलेले जॉन डोअर यांनी १९९९ साली ही पद्धत तेव्हा जेमतेम वर्षाच्या असलेल्या गूगलला शिकवली.

मात्र आकडा दुधारी असतो. अमेरिकेतल्या वेल्स फार्गो बँकेत विक्रीच्या लक्ष्यांचा दट्ट्या एवढा होता, की कर्मचाऱ्यांनी ग्राहकांना न विचारताच लाखो खाती उघडली. २०१६ साली बँकेला साडेअठरा कोटी डॉलरचा दंड झाला. सुमारे ५,३०० जणांच्या नोकऱ्या गेल्याचंही तेव्हा उघड झालं.

ग्रोव्ह यांना हा धोका ठाऊक होता. उद्दिष्टं म्हणजे माणसाच्या स्वतःच्या हातातलं वेळ मोजणारं घड्याळ, त्याच्यावर ठेवायचं आरोपपत्र नव्हे, असं त्यांच्या विवेचनाचं सार. आकडा चुकला तर तसं मोकळेपणानं सांगता आलं पाहिजे. ती मुभा नसेल, तर आकडे गाठले जातात, पण काम होत नाही.