मार्ग आणि मागणी

गेल्या हिवाळ्यात कोल्हापूरजवळच्या उजळाईवाडीच्या विमानतळावर मुंबईच्या विमानाची वाट पाहत बसलो होतो. उशीर होणार असल्याची घोषणा झाली आणि तिच्यात ‘स्लॉट’ हा शब्द दोनदा आला. शेजारी कागलकडचे एक वयस्क शेतकरी होते. लेकीकडे निघाले होते, विमानाने पहिल्यांदाच. त्यांनी विचारलं, “स्लॉट म्हंजे काय वो?” मी सांगू लागलो : मुंबईच्या धावपट्टीवर तासाला ठरावीकच विमानं चढू-उतरू शकतात, म्हणून प्रत्येकाला वेळ नेमून दिलेली असते, ती हुकली की... त्यांनी मला वाक्य पुरं करू दिलं नाही. “म्हंजे पाळी. पाळी चुकली म्हणा की.”

इतका नेमका प्रतिशब्द मला कुठल्या परिभाषाकोशात मिळाला नसता. नदीवरून पाणी उचलून शेताला देणाऱ्या आमच्या भागात पाणीपाळी कुणाला समजावून सांगावी लागत नाही. रात्री दोनची पाळी असेल तर दोनला बांधावर हजर राहायचं. डोळा लागला तर पाणी पुढच्याच्या शेतात जातं आणि आपला ऊस पुढच्या फेऱ्यापर्यंत तहानेला राहतो. साखर कारखाने ऊसतोडीचं पाळीपत्रक लावतात, ते पाहायला सगळा गाव जमतो. शाहू मिलमध्ये माणसं पाळीवर जात, इचलकरंजीच्या यंत्रमागांवर अजून जातात. संस्कृतात ‘पालि’ म्हणजे ओळ, रांग. ओळीत उभं राहिल्यावर जो नंबर येतो ती पाळी.

विमानांचंही पाळीपत्रक असतं. जगभरच्या विमान कंपन्या आणि विमानतळ वर्षातून दोनदा एकत्र बसतात, एकदा उन्हाळी हंगामासाठी, एकदा हिवाळी हंगामासाठी, आणि कुणाचं विमान कुठे किती वाजता उतरेल ते जुळवतात. आयाटा ही विमान कंपन्यांची जागतिक संघटना ही बैठक भरवते. हंगाम हा शब्दसुद्धा आपल्याला उसाच्या गळितामुळे पाठ. कोल्हापूरने या पाळीपायी काय सोसलं ते इथल्या प्रत्येक प्रवाशाला ठाऊक आहे. छत्रपती राजाराम महाराजांनी 1939 साली इथे विमानं उतरवली. त्यानंतर ऐंशी वर्षांनीही मुंबईची नियमित सेवा टिकत नव्हती. 2018 मध्ये केंद्र सरकारच्या उडान योजनेखाली ती सुरू झाली, बंद पडली, पुन्हा सुरू झाली, पुन्हा बंद पडली. गर्दीने भरलेल्या मुंबईत उतरायला सोयीची पाळी मिळत नाही, हे त्यातलं एक मोठं कारण होतं.

त्या दिवसापासून मी या व्यवसायातले शब्द गोळा करतो आहे. त्यातूनच ‘रूट्स’ या नावाशी गाठ पडली. नवे विमानमार्ग सुरू व्हावेत म्हणून विमानतळांनी विमान कंपन्यांना भेटायचं, एवढ्यासाठीच भरणारे हे मेळावे. पहिला 1995 मध्ये फ्रान्समधल्या कान इथे भरला. आता वर्षभर त्यांची फेरी चालते. 2025 चं वर्ष पाहा : फेब्रुवारीत बहामाजमधलं नासाऊ, मार्चमध्ये ऑस्ट्रेलियातलं पर्थ, एप्रिलमध्ये स्पेनमधलं सेव्हिल आणि सप्टेंबरात हाँगकाँगला साऱ्या जगाचा मोठा मेळावा. 2013 साली आशियाचा मेळावा आपल्या मुंबईत झाला होता. मोठ्या दालनात ओळीने टेबलं मांडलेली असतात. विमानतळाची माणसं येतात, विमान कंपनीच्या मार्ग ठरवणाऱ्या माणसासमोर बसतात, वीसेक मिनिटांत आपलं म्हणणं मांडतात आणि पुढच्या टेबलाकडे जातात. वर्षात चार मेळावे म्हटल्यावर पंढरपूरच्या चैत्री, आषाढी, कार्तिकी आणि माघी या चार वाऱ्या मनात आल्यावाचून राहत नाहीत. वारीतला ‘वार’ म्हणजे खेप, पुन्हा येणारी वेळ. एकदा जाऊन आलं ती यात्रा, नेमाने जात राहिलं ती वारी. या मेळाव्यांना जाणारी माणसंही तेच सांगतात : पहिल्या भेटीत विमान मिळत नाही, जात राहावं लागतं.

रूट हा शब्द इंग्रजीत फ्रेंचमधून आला, फ्रेंचमध्ये लॅटिनमधून. लॅटिन ‘रुप्ता’ म्हणजे फोडलेली. फोडलेली वाट. रान तोडून, दगड फोडून काढलेला तो रस्ता. मराठी माणसाला यात नवल वाटू नये, कारण आपणही घाट ‘फोडतो’. करूळ, फोंडा, आंबा या घाटांनी कोल्हापूर कोकणाला जोडलं, आणि त्यांच्याबद्दल बोलताना जुनी माणसं ‘घाट फोडला’ असंच म्हणत. रोमच्या आणि सह्याद्रीच्या माणसांना रस्ता म्हटल्यावर एकच क्रियापद आठवलं, कारण दोघांच्या समोर दगडच होता.

वाट हा शब्द वेगळ्या घरचा. तो ‘वर्त्मन्’पासून आला. त्याच्या मुळाशी ‘वृत्’, म्हणजे फिरणं, वळणं. चाक फिरून फिरून उमटते ती वाट. आकाशात चाकोरी उमटत नाही, म्हणून असेल, विमानाच्या बाबतीत आपण वाट म्हणत नाही, मार्ग म्हणतो. विमानाची वाट फक्त पाहतो.

आणि मार्ग या शब्दापाशी मला या सगळ्या शोधातलं खरं घबाड सापडलं. मार्ग हा मृगाचा नातेवाईक आहे. मृग म्हणजे मुळात हरीण नव्हे, कुठलंही रानातलं जनावर. जनावर ज्या पायवाटेने जातं, शिकारी जिचा शोध घेत जातो, तो मार्ग. मराठीत ‘माग काढणे’ या प्रयोगात तो शिकारी अजून जिवंत आहे. एखाद्याच्या मागावर चालतो तो त्याच्या मागे असतो, म्हणून ‘मागे’ हे अव्ययही त्याच घरातलं. संस्कृतात ‘मार्ग्’ हा धातू शोधणं, शोधत विचारणं या अर्थाने वापरला गेला आणि मराठीत येताना तो झाला ‘मागणे’. म्हणजे मार्ग आणि मागणी ही एका आईची लेकरं.

हे कळल्यावर मी काही वेळ हातातलं काम सोडून बसून राहिलो. कारण नासाऊपासून हाँगकाँगपर्यंत वर्षभर जे चालतं, ते या दोन शब्दांत पुरतं सामावतं. मार्ग हवा तर मागणी पाहिजे. अर्थशास्त्रातली मागणी तर हवीच, पण आपल्याकडे लग्नात घालतात तशीही मागणी हवी. मुलाकडच्यांनी उठून, मुलीच्या दारात जाऊन, घरदार, शेती, शिक्षण सांगून, मान राखून घातलेली. मागणी आपोआप जात नाही, कुणीतरी ती घालावी लागते.

तिरुपतीचं उदाहरण घ्या. कोल्हापूरची अंबाबाई ही बालाजीची रुसून आलेली पत्नी, अशी इथली श्रद्धा. दर नवरात्रात तिरुपतीहून तिच्यासाठी मानाचा शालू येतो. कोल्हापूरहून तिरुपतीला जाणाऱ्या रेल्वेगाडीचं नावसुद्धा हरिप्रिया, म्हणजे विष्णूची लाडकी, लक्ष्मी. अर्थशास्त्रातली मागणी इथे किती पिढ्यांपासून पडून होती! 2019 साली कोल्हापूर-तिरुपती विमान सुरू झालं. अशा मागणीला कुणीतरी आकडे लावून दाखवावे लागतात. अमुक इतके यात्रेकरू, इतकी रेल्वेची प्रतीक्षायादी, इतके लोक बेळगावला जाऊन विमान पकडतात. विमानतळाला जेवढ्या मुलखातून प्रवासी मिळतात त्याला इंग्रजीत ‘कॅचमेंट’ हा जो शब्द आहे, तोच शब्द नदीला पाणी देणाऱ्या मुलखालाही आहे, आणि आपण त्याला ‘पाणलोट’ म्हणतो. सांगली, मिरज, इचलकरंजी, निपाणी, गडहिंग्लज हा उजळाईवाडीचा पाणलोट. पंचगंगेचा पाणलोट मोजणाऱ्या जिल्ह्याला हे गणित परकं नाही.

मोजण्यावरून आठवलं, विमान या शब्दातही मोजणंच आहे. ‘वि’ आणि ‘मा’. मान, माप, प्रमाण, अनुमान यांतला तो ‘मा’. वेदांत अवकाश मोजत ओलांडणारा तो विमान. पुढे सातमजली प्रासाद विमान झाला, देवळाचा गाभाऱ्यावरचा भाग विमान झाला, पुष्पक तर सगळ्यांच्याच ओळखीचं. आमच्याकडे लिंगायत समाजात वारलेल्या माणसाला बसवून, फुलांनी सजवून ज्यातून नेतात त्यालाही विमान म्हणतात. लहानपणी मला आकाशातल्या विमानाआधी हे विमान माहीत झालं.

नेटवर्किंगला काय म्हणावं, यावर बराच खल झालेला मी ऐकला आहे. जाळेबांधणी, संपर्कजाळे असे शब्द सुचवले जातात आणि जिभेवर बसत नाहीत. मला वाटतं शोधायची गरजच नाही. ‘गाठीभेटी’ हा शब्द आपल्या तोंडात आहे. जाळं कशाचं बनतं? गाठींचं. संस्कृत ‘ग्रंथि’ची गाठ झाली. माणसं भेटतात तेव्हा मराठीत ‘गाठ पडते’, आणि मुक्कामाला पोचतो तेव्हा आपण तो ‘गाठतो’. गाठ पडली की मुंबई गाठता येते, हे भाषेने क्रियापदातच बांधून ठेवलं आहे. आणि टेबलावरच्या त्या वीस मिनिटांत दर, सवलती, भाडं यांचं जे चालतं त्याला आमच्याकडे सौदा म्हणतात. दिवाळीच्या पाडव्याला कोल्हापूरच्या बाजारात गुळाच्या सौद्यांचा मुहूर्त होतो. बैलबाजारात हेडे, म्हणजे जनावरांचे दलाल, पंचाखाली बोटं धरून भाव ठरवतात, बघणाऱ्याला आकडा कळत नाही. सौदा म्हणजे फसवाफसवी असं शहरात कुणाला वाटत असेल, पण मार्केट यार्डात सौदा हा मानाचा शब्द आहे.

आता विमानतळ. हिंदीत सरकारी शब्द विमानपत्तन. 1 एप्रिल 1995 रोजी स्थापन झालेलं भारतीय विमानपत्तन प्राधिकरण आपल्याला पाट्यांवर भेटतं. पत्तन म्हणजे नगर, बंदर. विशाखापट्टणम, मछलीपट्टणम या बंदरांच्या नावांत तेच आहे. शब्द चांगला आहे, पण मराठी कानाला त्यात ‘पतन’ ऐकू येतं आणि विमानाशेजारी ते नको वाटतं. खरं तर ‘पत्’ धातूचा मूळ अर्थ पडणं एवढाच नाही, उडणंही आहे. पतंग त्यातलाच. पक्ष्याचं पीस ते पत्र, मग झाडाचं पान पत्र, मग त्यावर लिहिलेलं पत्र. ग्रीक भाषेत पंखाला ‘प्टेरॉन’ म्हणतात, तो याच घराण्यातला, आणि हेलिकॉप्टरच्या शेवटी आहे तो हाच. पोस्टातून येणारं पत्र आणि डोक्यावरून जाणारं हेलिकॉप्टर ही दूरची भावंडं आहेत. पण मराठीत पतनाचा पंख केव्हाच गळाला, उरलं फक्त पडणं.

हिंदीतला बोलीतला शब्द हवाई अड्डा. मराठीत अड्ड्याची संगत बिघडली, जुगार आणि दारू त्याला चिकटली. तेव्हा आपला तळच उत्तम. तळ म्हणजे मुक्कामाची मोकळी जागा. लष्कर तळ ठोकतं, बाजार भरतो तो बाजारतळ, वारीच्या वाटेवर पालखी उतरते तो पालखीतळ. येणाऱ्याने टेकावं, विसावा घ्यावा, पुढे जावं. विमानाला यापेक्षा वेगळं काय करायचं असतं? ज्या कुणी विमानतळ हा शब्द रुळवला त्याने पालखी उतरताना पाहिलेली असावी, असं मला मनापासून वाटतं.

धावपट्टीतही असंच एक शेत दडलेलं आहे. विहिरीवर मोट चालायची तेव्हा बैल ज्या उतरत्या वाटेवर खाली-वर करायचे तिला धाव म्हणत. बैल धावेवरून पूर्ण खाली गेल्याशिवाय मोट वर येत नसे. धाव आखूड काढली तर मोट भरलेली असून पाणी थारोळ्यात पडायचं नाही. उजळाईवाडीची धावपट्टी वाढवण्यासाठी इतकी वर्षं का झगडावं लागलं, ते या एका गोष्टीत कळतं. आखूड धावेवर पन्नास-सत्तर आसनांचं विमान चढतं, दीडशे-पावणेदोनशे आसनांच्या भरल्या विमानाला लांब धाव लागते.

10 मार्च 2024 रोजी उजळाईवाडीच्या नव्या इमारतीचं उद्घाटन झालं. तळ सजला. याच जिल्ह्यातल्या उद्योगसमूहाची स्टार एअर ही विमान कंपनी इथून उडते. पुढचे मार्ग मात्र मागायलाच लागतील, आणि ते मागणारी माणसं इथलीच असतील : व्यापारी, कारखानदार, लोकप्रतिनिधी, परदेशी शिकायला गेलेल्या मुलांचे आईबाप. त्यांना माझी एक विनंती आहे. निवेदनं तयार कराल तेव्हा ती मराठीतही करा, आणि त्यांत स्लॉटला पाळी, कॅचमेंटला पाणलोट, नेटवर्किंगला गाठीभेटी लिहा. कागलकडच्या त्या शेतकऱ्यांना ते निवेदन पहिल्या वाचनात समजेल आणि खाली सही करताना आपण काय मागतो आहोत, हे त्यांना नेमकं ठाऊक असेल.